दोन ट्रे सोयाबीन आणि एक स्वस्त टायमर

हेडफोन लावून गाडी चालवत असाल तर आधी गाडी बाजूला घ्या, मग ऐका. आज थोडं गणित आहे, थोडी शेती आहे आणि एक अगदी स्वस्तातली वस्तू आहे.

वस्तू म्हणजे कॅमेऱ्याला लावायचा रिमोट टायमर. बाजारात त्याला इंटरव्हॅलोमीटर म्हणतात. नाव भारी आहे, पण हातात आली की हसू येतं. चार्जरएवढी डबी, तिच्यावर छोटा स्क्रीन, पाच-सहा बटणं आणि एक वायर. हजार-दीड हजाराच्या आत ऑनलाइन मिळते. काम एकच: ठरवलेल्या वेळाने कॅमेऱ्याचं बटण दाबायचं, थांबायचं, पुन्हा दाबायचं. असे काढलेले फोटो एकामागे एक लावले की झाला टाइमलॅप्स.

टाइमलॅप्स म्हटलं की आपल्याला पळणारे ढग आठवतात, नाहीतर हायवेवरचे दिवे. मी नोकरी पुण्यात करतो, दिवसभर कोड लिहितो, पण घर बुलढाणा जिल्ह्यातलं, मेहकर तालुक्यातलं. घरी पाच एकरात सोयाबीन असतं. त्यामुळे माझा टायमर ढगांवर कमी आणि बियाण्यावर जास्त चालला. का, ते सांगतो.

सोयाबीनवाल्यांच्या घरात जून महिन्यात एक शब्द कोणी मोठ्याने उच्चारत नाही. दुबार पेरणी. पेरलं आणि उगवलंच नाही, किंवा निम्मंच उगवलं, तर पुन्हा बियाणं, पुन्हा खत, पुन्हा ट्रॅक्टर. आमच्याकडे मागे एकदा विकत आणलेल्या बियाण्यावर ही वेळ आली. मग पंधरा दिवस घरात एकच वाद. बाबा म्हणत बियाणं खराब होतं. काका म्हणत खोल पेरलं. शेजारी म्हणत पाऊस कमी झाला. कोणाजवळ पुरावा काहीच नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याचं खरं.

इंजिनिअर माणसाला हे सहन होत नाही. सॉफ्टवेअर पडलं की आम्ही आधी लॉग बघतो. कुठल्या सेकंदाला काय झालं, ते तिथं लिहिलेलं असतं. शेतात लॉग नसतो. टाइमलॅप्स हा माझ्या मते उगवणीचा लॉग आहे.

आधी वस्तू समजून घेऊ

विकत घेताना एकच गोष्ट नीट बघायची: पिन. टायमर सगळे सारखेच दिसतात, पण वायरच्या टोकाला काय आहे त्यावर तो तुमच्या कॅमेऱ्याला चालणार की नाही ते ठरतं. कॅननच्या १३००डी, १५००डी अशा बॉडीला अडीच मिलिमीटरची बारीक पिन लागते, हेडफोनच्या पिनची धाकटी बहीण म्हणा. ५डी, ७डी या मोठ्या बॉडीला तीन टोकांची वेगळी पिन. निकॉनच्या डी५३००, डी७२०० ला आणखी वेगळी. सोनीच्या ए६००० ला तिसरीच. आपल्या कॅमेऱ्याच्या कडेचं रबरी झाकण उघडून आत बघा आणि मगच ऑर्डर करा. काही स्वस्त कॅमेऱ्यांना रिमोटची जागाच नसते.

आता बटणं. बहुतेक टायमरवर चार सेटिंग असतात.

पहिलं डिले. म्हणजे सुरू केल्यावर पहिला फोटो किती वेळाने. पहाटे साडेपाचला सूर्योदय हवा असेल तर रात्रीच लावून झोपता येतं.

दुसरं लाँग. म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवायचं. हे फक्त कॅमेरा बल्ब मोडमध्ये असेल तेव्हा कामाचं, एरवी शटरचा वेग कॅमेराच ठरवतो.

तिसरं इंटरव्हल. हे त्या डबीचं काळीज. दोन फोटोंमधला वेळ.

चौथं एन, म्हणजे एकूण फोटो किती. पुष्कळ स्वस्त टायमरमध्ये हा आकडा ३९९ च्या पुढे जात नाही. त्यापेक्षा जास्त हवे असतील तर खाली जाऊन दोन आडव्या रेघा येतील तिथं ठेवायचं. त्याचा अर्थ, थांबवेपर्यंत चालू.

इंटरव्हलमध्ये एक गोम आहे. काही टायमर हा वेळ फोटो सुरू झाल्यापासून मोजतात, काही फोटो संपल्यापासून. सोबत येणाऱ्या कागदावर हे धड लिहिलेलं नसतं. म्हणून टायमर आला की पहिल्याच दिवशी एक चाचणी घ्या. बल्ब मोड, लाँग पाच सेकंद, इंटरव्हल दहा सेकंद. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि दहा क्लिक मोजा. पहिल्या क्लिकपासून दहाव्या क्लिकपर्यंत नव्वद सेकंद लागले तर सुरुवातीपासून मोजतोय. एकशे पस्तीस लागले तर शेवटापासून. संपलं. तारे टिपताना हा फरक फार महत्त्वाचा, बियाण्याला अजिबात नाही.

आणखी एक. या डब्यांना बंद करायचं बटण सहसा नसतंच. काम झालं की आतले दोन पेन्सिल सेल काढून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी सेल मेलेले सापडतील.

कॅमेरा नाही, फक्त फोन आहे, त्यांच्यासाठी. फोनमध्ये टाइमलॅप्स मोड असतोच, पण तो तासाभराच्या कामाचा. आयफोन तर रेकॉर्डिंग लांबत जाईल तसा फोटोंमधला वेळ आपणच वाढवत नेतो, तुम्हाला विचारत नाही. कित्येक दिवसांचं काम असेल तर घरात पडलेला जुना अँड्रॉइड फोन घ्या आणि त्यात ओपन कॅमेरा नावाचं मोफत ॲप टाका. त्यात ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा फोटो काढायची सोय आहे. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, एअरप्लेन मोड लावा, कव्हर काढा, आणि चार्जरला लावलेला फोन उन्हात किंवा बंद खोक्यात ठेवू नका. सेल्फी स्टिकसोबत येतं ते ब्लूटूथ बटण मात्र टायमर नाही. ते फोनला फक्त एवढंच सांगतं की आवाजाचं बटण दाबलं. दर वेळी दाबायला माणूस लागतोच.

शंभर वर्षांपूर्वीचा टायमर

इथे थोडं मागे जाऊ. आपल्या देशात हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांत ज्यांचं नाव घ्यावं लागतं, ते आहेत दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेला हा माणूस १९१२ मध्ये लंडनला जाऊन सिनेमाचं तंत्र शिकून आला, तिथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला. आता 'राजा हरिश्चंद्र' काढायचा तर पैसे हवेत, आणि पैसे देणाऱ्याला विश्वास हवा. फाळक्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि त्याची वाढ फ्रेम फ्रेम करून टिपली. महिनाभराहून जास्त दिवस हे चाललं. मिनिटभराची ती फिल्म, तिचं नाव 'अंकुराची वाढ'. पडद्यावर दाण्यातून कोंब आला, वेल वर चढला, आणि ते बघून यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. म्हणजे बघा, आपला सिनेमा उभा राहिला एका टाइमलॅप्सच्या भरवशावर.

ही गोष्ट सांगताना 'रोज एक फ्रेम' असं बऱ्याचदा म्हटलं जातं. मला तिथं गणित अडतं. त्या काळी फिल्म साधारण सेकंदाला सोळा फ्रेमच्या वेगाने चालायची. मिनिटाला झाल्या ९६० फ्रेम. रोज एक काढली तर महिन्यात तीस, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही नाहीत. मिनिटभराची फिल्म महिन्यात करायची तर दिवसाला बत्तीस फ्रेम लागतात. दिवसरात्र धरून दर पंचेचाळीस मिनिटांनी एक. कॅमेरा हाताने फिरवायचा, डबी नाही, वायर नाही. आपल्याला हजार रुपयांत जे मिळतं, ते त्या घरात माणसाने जागून केलं असणार. पुढच्या वेळी टायमरचं मेन्यू कंटाळवाणं वाटलं तर एवढं आठवा.

यातूनच टाइमलॅप्सचं सगळ्यात महत्त्वाचं सूत्र निघतं: आधी व्हिडिओ किती सेकंदांचा हवा ते ठरवा, मग मागे मागे या. घटना किती वेळ चालणार, व्हिडिओ किती लांब, सेकंदाला किती फ्रेम. मला सहा दिवस टिपायचे होते. दर दहा मिनिटांनी एक म्हणजे तासाला सहा, दिवसाला १४४, सहा दिवसांत ८६४ फोटो. सेकंदाला पंचवीस फ्रेमने साडेचौतीस सेकंद. व्हॉट्सॲपवर पाठवायला आणि बाबांनी शेवटपर्यंत बघायला बरोबर.

मांडणी

आता बियाण्याकडे. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, त्यामुळे घरचं बियाणं राखून पेरता येतं. पण त्याचं कवच पातळ. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोतं उंचावरून आपटलं, ओलं भरून ठेवलं, की वरून ठणठणीत दिसणारा दाणा आतून गेलेला असतो. म्हणून कृषी विभाग दरवर्षी पेरणीआधी सांगतो, घरी उगवण तपासा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, ओल टिकवायची, काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं पेरायला योग्य, एकरी तीस किलो. सत्तरच्या खाली गेलं तर जितके टक्के कमी, तितके अर्धे किलो एकरी वाढवायचे. साठच्याही खाली गेलं तर ते पेरायच्या भानगडीत पडायचं नाही.

गोणपाटाची पद्धत उत्तम आहे, माझी आजी तीच करायची. पण ती शेवटचा आकडा सांगते. मधे काय झालं ते नाही सांगत.

आमच्याकडे घरचं बियाणं दोन ठिकाणचं होतं. एक ढीग वरच्या वावरातला, वेळेवर काढलेला, हळू मळलेला. दुसरा खालच्या वावरातला. तो कापून गंजी लावली आणि वर पाऊस झाला, मग घाईघाईत मळला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी घरून काम करत होतो. दोन प्लास्टिकचे ट्रे घेतले, धुतलेली वाळू भरली, ओली केली, आणि प्रत्येकात शंभर दाणे, दहा ओळी, दहा दाणे, बोटाच्या दीड पेरांइतके खोल. डावीकडे वरचं वावर, उजवीकडे खालचं.

कॅमेरा वरून खाली बघणारा हवा होता. दोन पत्र्याच्या कोठ्यांवर फळी आडवी टाकली, फळीला भोक पाडून बोल्टने कॅमेरा खाली तोंड करून बांधला. खोली आतली निवडली, खिडकीला जाड चादर. कारण दिवस-रात्रीचा उजेड बदलला तर व्हिडिओ भुतासारखा लुकलुकतो. एकच एलईडी बल्ब, सहा दिवस चालू.

एलईडीचं एक लक्षात ठेवा. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतो. डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर वेगात ठेवलं तर एक फोटो उजळ आणि दुसरा काळपट येतो. शटर पाव सेकंदाचं ठेवलं की एका फोटोत पंचवीस उघडझापा मावतात आणि सगळे फोटो सारखे येतात.

कॅमेऱ्यावरचं सगळं ऑटो बंद. मोड मॅन्युअल, आयएसओ ठरलेला, व्हाइट बॅलन्स ठरलेला, फोकस एकदा लावून मॅन्युअलवर. लेन्सचं हलणं रोखणारं बटण बंद. फोटो काढल्यावर स्क्रीनवर दाखवणं बंद. आपोआप झोपणं बंद, कारण झोपलेल्या कॅमेऱ्याला काही स्वस्त टायमर उठवू शकत नाहीत. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं. ते बारीक केलं तर दर फोटोला पाकळ्या मिटतात आणि दर वेळी अगदी तेवढ्याच मिटतील असं नाही, त्याचाही लुकलुकाट होतो. फोटो मध्यम आकाराचे जेपीईजी. ते फोर-के व्हिडिओला पुरतात आणि आठ जीबीच्या कार्डात सगळे मावतात.

राहिला विजेचा प्रश्न. माझ्या १५००डी च्या एका बॅटरीत साधारण पाचशे फोटो निघतात असं कंपनी सांगते, पण ते सलग काढले तर. सहा दिवस जागं राहायचं तर बॅटरी मधेच बदलावी लागणार, आणि बॅटरीचं झाकण खालच्या बाजूला, म्हणजे हात लागला की फ्रेम हलली. म्हणून डमी बॅटरी घेतली. बॅटरीच्या आकाराचा ठोकळा, त्याची वायर बाहेर येऊन अडॅप्टरला जाते. अडॅप्टर घरच्या इन्व्हर्टरवर. लाइन गेली तरी काम चालू.

टायमरवर डिले शून्य, इंटरव्हल दहा मिनिटं, एन दोन रेघा. सुरू.

पहिल्या रात्री आईने दार ठोठावलं. "रातभर ते टक्-टक् काय करून राह्यलं बाप्पा?" शटर होतं ते. आरसा वर-खाली होतो, शांत खोलीत ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी बाबांनी डोकावून पाहिलं. "वाळूचे फोटो काढून राह्यला का?" खरं होतं. दोन दिवस फक्त वाळूच दिसत होती. रोज एकदा, दोन क्लिकच्या मधे, फवाऱ्याने पाणी मारायचं. दहा मिनिटं भरपूर झाली.

व्हिडिओत काय दिसलं

तिसऱ्या दिवशी डाव्या ट्रेमध्ये वाळूला तडे गेले. सोयाबीन कसं वर येतं बघा. आधी मूळ खाली जातं. मग खोडाचा वाकलेला भाग, आकड्यासारखा, वाळू ढकलत वर येतो आणि दोन्ही डाळिंब्या मागे ओढून आणतो. वर उजेडात आला की सरळ होतो आणि डाळिंब्या उघडतात. म्हणूनच पेरल्यावर जोरात पाऊस होऊन जमिनीला कडक पापुद्रा आला की सोयाबीनचं मानगुट मोडतं. हे मी शाळेपासून ऐकत आलोय, पण डोळ्यांनी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं.

व्हिडिओत डावा ट्रे जवळपास एकदम उठतो. दीड दिवसात, म्हणजे व्हिडिओच्या आठ-नऊ सेकंदांत, ओळीच्या ओळी उभ्या राहतात. उजवा ट्रे तसा नाही. एक इथे, एक तिथे. काही आकडे वर येतात आणि तिथेच थांबतात. काही डाळिंब्या अर्ध्या तुटलेल्या. सहाव्या दिवशी मोजलं. डावीकडे ब्याऐंशी, उजवीकडे एकसष्ट.

बाबांनी हिशेब लगेच केला. "दोन्ही मिसळून टाकू. सत्तर भरते." बरोबर होतं. ब्याऐंशी आणि एकसष्टची सरासरी साडेएकाहत्तर. नियमाने पास. आणि गोणपाटात दोन्ही ढिगांतले दाणे मिसळून तपासले असते तर तेच उत्तर आलं असतं, कोणाला शंका आली नसती.

मी वाद घातला नाही. लॅपटॉपवर व्हिडिओ लावला आणि फोन आला म्हणून बाहेर गेलो. परत आलो तर ते तिसऱ्यांदा बघत होते. मग म्हणाले, "हे उशिरा येनारे मांगंच राहतीन ना? बाकीच्याइच्या सावलीत." मला जे पाच मिनिटं लावून समजवायचं होतं ते त्यांना आधीच दिसलं होतं. टक्केवारी सांगते किती उगवलं. किती जोमाने आणि किती सोबतीने उगवलं, ते सांगत नाही. मिसळलेल्या बियाण्यात दर ओळीत धट्टे आणि मरतुकडे शेजारी-शेजारी उभे राहतात, आणि मागून आलेलं रोप पुढच्यांशी उजेडासाठी भांडत राहतं.

निर्णय त्यांनीच घेतला. मिसळायचं नाही. चांगलं बियाणं नव्वद किलोच्या थोडं वर होतं, ते तीन एकराला, एकरी तीसने. एकसष्टवालं वेगळं, दोन एकरात. सत्तरला नऊ टक्के कमी, म्हणजे नियमाने साडेचार किलो वाढवून एकरी साडेचौतीस. मी माझ्या पद्धतीने ताळा केला: तीस गुणिले सत्तर भागिले एकसष्ट, चौतीस पूर्णांक चार. कृषी विभागाचा सोपा नियम आणि त्रैराशिक एकाच जागी येतात, बघून बरं वाटलं. दोन्हीला बीजप्रक्रिया केली आणि चांगला पाऊस होईपर्यंत थांबलो. पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय तिफण काढायची नाही, हे बाबांचंही मत आणि शास्त्राचंही.

निकाल सांगतो, फुगवून सांगत नाही. तीन एकर छान उगवलं. दोन एकरात जागोजागी नांग्या पडल्या, तिथं आईने आणि बाबांनी तूर टोचली. दुबार पेरणी झाली नाही. ती टायमरमुळे टळली असं मी म्हणणार नाही, पाऊसही वेळेवर आला. पण यंदा त्या दोन एकरांवरून घरात वाद झाला नाही. तिथं विरळ का उगवलं, ते सगळ्यांनी आधीच बघितलं होतं.

आणि आणखी एक झालं. सुगीला बाबा मळणीयंत्रवाल्याच्या डोक्यावर उभे राहिले. "बियाण्याचा ढीग हाय, हळू फिरव." आधी हे वाक्य मी दरवर्षी बोलायचो, कोणी ऐकायचं नाही.

लोणार, आणि सोळा दिवसांचा इंटरव्हल

बुलढाण्याचं नाव घेतलं आणि लोणारचं घेतलं नाही तर तुम्ही मला सोडणार नाही. पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचं, उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात तयार झालेलं विवर. पावसाळ्यात काठावर उभं राहून ढगांच्या सावल्या आत उतरताना टिपायच्या तर इंटरव्हल चार सेकंद ठेवा. अर्ध्या तासात ४५० फोटो, अठरा सेकंदांचा व्हिडिओ. ते अभयारण्य आहे. आत उतरून काही लावून ठेवायचं असेल, रात्री थांबायचं असेल, तर वनविभागाची परवानगी आधी.

पण लोणारचा सगळ्यात गाजलेला 'आधी आणि नंतर' कोणी काठावरून टिपलेला नाही. जून २०२० मध्ये तळ्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नासाने लँडसॅट-८ उपग्रहाची दोन चित्रं दिली, २५ मे आणि १० जूनची. एकात तळं हिरवं, दुसऱ्यात गुलाबी. तारखा मोजा. बरोबर सोळा दिवस. कारण लँडसॅट-८ एकाच जागेवर सोळा दिवसांनी परत येतो. तोही एक टायमरच, इंटरव्हल सोळा दिवस. रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आला, हे पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. पण त्या दोन चित्रांच्या मधल्या सोळा दिवसांत रंग हळूहळू चढला की एकदम, ते त्या दोन चित्रांत दिसत नाही. इंटरव्हल निवडणं म्हणजे काय बघायचं नाही, तेही ठरवणं.

शेवटचं

फोटो जोडायला मी एफएफएमपेग वापरतो, मोफत आहे, एका ओळीच्या आज्ञेत काम होतं. ते जड वाटलं तर फोनवरच्या कुठल्याही व्हिडिओ एडिटरमध्ये फोटो टाकून प्रत्येकाचा वेळ सगळ्यात कमी करा. मूळ फोटो मात्र पुसू नका. व्हिडिओ दाखवायला, फोटो मोजायला.

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी यंदा पेरणीच्या पंधरा दिवस आधी शंभर दाणे मोजा. कॅमेरा असो, जुना फोन असो, नाहीतर आजीचं गोणपाट. वेगवेगळ्या वावरांतलं बियाणं असेल तर वेगवेगळं तपासा, मिसळून नाही. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांनी कुंडीत वाटाणा लावा. दर पंचेचाळीस मिनिटांनी एक फोटो, महिनाभर. मिनिटाची फिल्म होईल, आणि ती हाताने काढायला काय लागलं असेल याचा अंदाजही येईल.

पुढच्या भागात बीजप्रक्रियेच्या हिशेबासाठी केलेली माझी एक साधी शीट दाखवतो. तोवर काळजी घ्या, आणि टायमरमधले सेल काढायला विसरू नका.